घाण्यातल्या अक्षता

इथे किवींच्या देशात, पेनरोजच्या ज्या डेपोत मी काम करते, तिथून पॅसिफिकमधल्या बेटांवर माल जातो. वर्षभर तेच ते: पीठ, साबण, नूडल्स, डबाबंद मटण. जाताना कंटेनर ठासून भरलेले, येताना बहुतेक रिकामे. एकदा टोंगाला निघालेल्या खोक्यावर खोबरेल तेलाच्या बाटल्यांचं लेबल वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. मी देवगडकडची. दारात नारळ असून तेल विकत आणणाऱ्या घराला आमच्याकडे आळशी म्हणतात. हे मी आमच्या डेपोत फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या मैत्रिणीला तोंडावर सांगितलं. ती टोंगातल्याच एका धाकट्या बेटावरची.

"आळशी नाही गं, सिस," ती म्हणाली. "हातात जोर असलेले सगळे इथे आहेत. तिथे नारळ फोडायला म्हातारे आणि पोरं उरलीत."

ती स्वतः आली तेव्हा तिची मुलगी सहा वर्षांची होती, आजीपाशी ठेवलेली. आता मुलगी वीस वर्षांची झाली होती आणि इथे टौरंगाच्या मळ्यांत किवीफ्रूट तोडायला येणाऱ्यांच्या यादीत तिने नाव दिलं होतं. मैत्रिणीने तिच्याकडून एक शब्द घेतला होता. यादी पक्की व्हायच्या आत आईने गावात तेलाचा घाणा पोचवला, तर मुलीने थांबायचं आणि गावातल्या बायकांना घेऊन तेल काढायचं. नाही पोचला, तर ती निघणार. तिला अडवायचा हक्क आपल्याला नाही, असं मैत्रीण म्हणायची. आपणही तशीच निघालो होतो ना.

घाणा मी शोधला. इथल्याच वायकाटो भागात एकाने अक्रोडाचं तेल काढायचा धंदा बंद केला होता, त्याचं जुनं यंत्र. पुण्यात केलेला मेकॅनिकलचा डिप्लोमा इतक्या वर्षांनी कामाला येत होता, त्यामुळे मला भलताच चेव चढला. नवरा म्हणाला, "अगं, बेअरिंग्ज गेलीत. हे स्क्रॅपमध्ये दे." मी म्हटलं, "आधी तुला देईन." दोन शनिवार-रविवार गॅरेजमध्ये घालवून आम्ही तो चालू केला.

गुरुवारी घाणा डेपोत आणला. त्या दिवशी नेमकी खंडेनवमी होती. माहेरी त्या दिवशी कोयतीपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. नव्या कामाला निघालेलं यंत्र तसंच पाठवायचं, हे मला जमणारं नव्हतं. झेंडू मिळाला नाही, म्हणून डेपोमागच्या गवतातली पिवळी रानफुलं खुडली. हळद-कुंकू लावलं, मूठभर अक्षता टाकल्या. मैत्रिणीनेही डोळे मिटून तिची प्रार्थना म्हटली. दोघींना फार बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी नऊला, बेटांवर कीड-बिया जाऊ नयेत म्हणून माल तपासणारा तपासनीस आला. जुन्या यंत्रावर मातीचा कण नको, बी नको, धान्य नको, हे गिऱ्हाइकांना बजावणं माझंच काम. दहा वर्षं मी तेच करतेय. त्याने टॉर्च आत मारला. स्क्रूच्या फटींत लाल तांदूळ, आणि फुलांबरोबर आलेल्या पांढऱ्या म्हाताऱ्या, प्रत्येकीच्या टोकाला एकेक बी.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"आशीर्वाद," मी म्हटलं.

त्याने कागदावर "धान्य, बिया" लिहिलं आणि सही केली नाही. सहीशिवाय घाणा कंटेनरमध्ये चढणार नव्हता. कंटेनर दोनला बंद होणार होता. पुढचं जहाज महिन्याने, आणि तोवर यादी पक्की झाली असती. मैत्रीण माझ्यावर ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

मग मी त्या तपासनिसाला म्हटलं, एक वाजता पुन्हा या. तो नाही म्हणाला असता तरी मी त्याला दारात अडवलं असतं. तो हो म्हणाला. मी मैत्रिणीला पाना मागितला आणि घाणा पुरता खोलला. खोबरं ओतायचा हॉपर, स्क्रू, जाळी, सगळं पांढऱ्या चादरीवर मांडलं. मी सुईने एकेक दाणा काढत होते, ती टूथब्रशने घासत होती.

"किती टाकले होतेस?" तिने तासाभराने विचारलं.

"मूठभर."

"तुझा देव मोजतो का?"

"नाही. तपासनीस मोजतो."

ती फिसकन हसली, आणि मग माझा हात भरभर चालू लागला.

एकला तो आला. वीस मिनिटं टॉर्च फिरवला, जाळीवरून बोट फिरवून पाहिलं. "स्वीट ॲज," म्हणजे एकदम झकास, असं म्हणाला आणि सही केली. कंटेनरचं दार लागलं तेव्हा मी एका पिंपावर बसून ढसाढसा रडले.

जानेवारीत एकदा जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीच्या फोनवर मुलीचा व्हिडिओ कॉल आला. कोपरापर्यंत तेल, मागे चार बायका हसताहेत. मुलीने यादीतून नाव काढल्याचं मैत्रिणीने आधीच सांगितलं होतं. राजधानीतलं एक गेस्टहाऊस तेल घेऊ लागलं होतं. मैत्रीण मोठमोठ्याने बोलत होती, हसत होती. मग मुलगी काहीतरी म्हणाली आणि मैत्रिणीने जेवणाचा डबा बाजूला सारला.

"काय म्हणाली?"

"म्हणते, मी थांबले. आता तू कधी येतेस?"

मुलीने थांबावं म्हणून जिवाचं रान करणाऱ्या या बाईला आपण परत जाऊ शकतो हे सुचलंच नव्हतं. मला तरी कुठे सुचलं होतं? फोन बंद झाल्यावर ती फोर्कलिफ्टची किल्ली बोटांत फिरवत राहिली.

या वर्षी खंडेनवमीला मी त्या फोर्कलिफ्टला कुंकवाचं एक बोट लावलं. अक्षता नाहीत, फुलं नाहीत. सीटवर नवा माणूस होता. हे कशासाठी, त्याने विचारलं.

"आधी जी चालवायची," मी म्हटलं, "ती घरी पोचली."