स्टोअरकाकांचा अर्ज

स्टोअरकाकांकडे कुठलंही हत्यार नुसतं मागून मिळत नसे. वर्कशॉपच्या कोपऱ्यात तारेच्या जाळीची खोली, जाळीला हात जाईल एवढी खिडकी आणि खिडकीमागे खाकी शर्टातले काका. आपण हत्याराच्या बदल्यात ठेवायचा पितळी बिल्ला पुढे सरकवून अर्ध्या इंचाचं ड्रिल मागावं, तर ते बिल्ल्याला हातही लावत नसत. "काय पाहिजे ते सांगू नको. काय करायचंय ते सांग." अर्ध्या इंची आटे पाडायचेत म्हटलं, की त्याहून बारीक ड्रिल पुढे येई. भोकच अर्ध्या इंचाचं पाडलं तर आटे कापायला लोखंड कुठून उरणार, हे मी त्या खिडकीत उभा राहून शिकलो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे वडील सुरतेत पर्वत पाटियाजवळ लूम चालवत. मी डिप्लोमा करून इच्छापोरच्या एका कारखान्यात लागलो होतो. आमच्यासारख्या नोकरदारांसाठी सुरतेच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संध्याकाळी सहा ते नऊ डिग्रीचे वर्ग भरत. माझी शाळा म्युनिसिपालिटीची, मराठी. वर्गातली इंग्रजी डोक्यावरून जाई. मग मधल्या सुट्टीत मी खिडकीशी जायचो. 'शिअर' म्हणजे काय हे कळेना, तेव्हा काकांनी दोन पत्रे एका रिव्हेटने जोडले, विरुद्ध बाजूंना ओढायला लावले आणि रिव्हेट तुटल्यावर त्याचे तुकडे माझ्या हातावर ठेवले. "ही कातर. आता इंग्रजीत लिही." पोरांशी ते गुजराती बोलत, साहेबांशी हिंदी, माझ्याशी मराठी.

काका मूळचे भुसावळचे. वडील रेल्वेत होते, बदली होऊन सुरतेजवळ उधन्याला आले. काकांनी डिप्लोमा पहिल्या वर्गात काढला. त्याच वर्षी वडील गेले, पाठची तीन भावंडं होती, म्हणून मिळाली ती स्टोअरची नोकरी धरली. दोन वर्षांत सोडायची होती. मी भेटलो तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात त्यांनी एकही दांडी मारली नव्हती. भावंडं शिकून मार्गी लागली. काकांना आता डिग्री हवी होती, तीच, जी आम्ही करत होतो. आमचा वर्ग स्टोअरच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर होता. पण प्रवेशाला मालकाचं ना हरकत पत्र लागे आणि काकांचे मालक म्हणजे ते कॉलेजच. दर जूनमध्ये ते अर्ज करत. दर जुलैत तो परत येई, कारण संध्याकाळच्या वर्गाची प्रॅक्टिकल्स असताना स्टोअर कोण बघणार? आम्हाला शिकता यावं म्हणून त्यांना खाली बसावं लागे. तास संपला की ते जिना चढून यायचे, दारातूनच फळा वाचायचे, शिपाई पुसेपर्यंत, आणि खाली जायचे.

माझ्या दुसऱ्या वर्षी त्यांनी वेगळी तयारी केली. ती शेवटचीच संधी होती, पुढच्या जूनला वय बसणार नव्हतं. रविवारी ते उधन्याच्या बुद्धविहारात मुलांचा वर्ग घेत; तीन महिने तो संपवून ते कॉलेजात येत. स्टोअरच्या प्रत्येक खणावर त्यांनी पांढऱ्या रंगाने नंबर घातले. कुठल्या प्रॅक्टिकलला कुठली हत्यारं, कोणत्या खणातली, याची गुजरातीत वही केली. अर्जात लिहिलं, की वाचता येणारा कोणीही माणूस आता संध्याकाळी स्टोअर चालवू शकेल.

त्या आठवड्यात वर्कशॉपच्या प्रमुखांनी मला बोलावलं. मी वर्गाचा प्रतिनिधी होतो. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चहा सांगितला, प्रॅक्टिकल्स कशी चालली आहेत विचारलं, मग सहज म्हणाले, "काका वगर स्टोर चालशे?"

मला वाटलं, काकांच्या बढतीचं काही चाललंय. चार चांगले शब्द पडावेत म्हणून मी भरभरून बोललो. काकांशिवाय वर्कशॉप एक दिवस चालणार नाही, म्हणालो. साहेबांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

पुढच्या मंगळवारी मी मायक्रोमीटर घ्यायला गेलो, तर काकांनी तो अर्जच माझ्यापुढे ठेवला. त्यावर नामंजुरीचा इंग्रजी शेरा होता, आणि शेऱ्यात विद्यार्थी प्रतिनिधीचं मत म्हणून माझं वाक्य. मी दोनदा वाचलं. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "हं. काय करायचंय?"

मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेलो, मला तसं म्हणायचं नव्हतं, असं सांगितलं. ते म्हणाले, पण तू बोललास ते खरंच आहे ना?

त्यानंतर काका जिना चढले नाहीत. मी माझ्या वह्या देऊ केल्या. तुझ्या अभ्यासाला लागतील म्हणून त्यांनी परत केल्या. बाकी काही बदललं नाही. शिकवणं तसंच, आणि तेच मला जड जाई. दोन वर्षं मी त्या खिडकीशी जीभ चावून उभा राहिलो.

शेवटच्या सत्रात एका संध्याकाळी स्टोअरला कुलूप होतं, काका नव्हते. सुट्टीचा अर्ज नाही, निरोप नाही. साहेब घाबरेघुबरे झाले. मग ऑफिसातला एक शिपाई किल्ल्या घेऊन आत बसला, वही उघडली, नंबर बघून हत्यारं देऊ लागला. थोडा वेळ गेला त्याचा, पण प्रॅक्टिकल पूर्ण झालं. नऊ वाजता सगळी हत्यारं आपापल्या खणात परत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी उधन्याला त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं आजारी असतील. काका अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसले होते. बरे होते. मी आधी माफी मागून टाकली, दोन वर्षांची. ते ऐकून घेतलं त्यांनी.

"तुझं काय चुकलं? मीच एकही दांडी न मारता सवय लावली होती साहेबांना," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काल चाललं का?"

नाही चाललं म्हटलं असतं, तर त्यांना बरं वाटलं असतं का? मला ठरवता येईना. मागच्या वेळी त्यांना बरं वाटावं म्हणूनच बोललो होतो.

"चाललं, काका."

"आटे पाडायचे टॅप कोणी दिले?"

"शिपायाने. वही बघून."

"एकही चुकला नाही?"

"नाही."

काका घरात चहा सांगण्यासाठी उठले आणि उंबऱ्यात थांबून म्हणाले, "म्हणजे अर्जात मी लिहिलं होतं ते बरोबर होतं."