टायरला लोंबकळणारे मामा

धक्क्यावर आपटून बोटीचं नाक फुटू नये, म्हणून टायरमामा त्या नाकावर जुने टायर बांधत. बांधून झालं की प्रत्येक टायरला स्वतः लोंबकळत, मगच बोट सोडत. आज कंबर धरली होती, म्हणून शेवटच्या टायरला लोंबकळायचं राहिलं. त्यात बोट पहिल्यांदाच एकटा जावई घेऊन गेलेला! मामांच्या येरझारा थांबेनात.

“अहो, टेका की! धक्का झिजेल,” मामी म्हणाल्या.

“तुझा जावई सरळ आणेल का बोट?”

जावयाने ती धाडकन आणली. शेवटचा टायर चेपला, पण जागचा हलला नाही.

“मामा, गाठ पक्की हं!” जावई ओरडला.

मामा कण्हत कण्हत त्या टायरला लोंबकळले, तेव्हा कुठे खाली बसले.