आठवी हाक

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. सगळी नोकरी वृत्तपत्राच्या डेस्कवर झाली. अमावास्येची भुतं आणि घाटातल्या पांढऱ्या साडीवाल्या बाया मी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या टोपलीत टाकल्या आहेत. त्यामुळे जे पाहिलं तेवढंच लिहितो.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. जागा – लोणावळ्यात तुंगार्लीच्या रस्त्यावरचा एक बंगला, त्याच्या तळमजल्यावरचा छोटा स्टुडिओ. वेळ सकाळी अकरा.

माझ्या मित्राचा मुलगा समीर जॅझ पियानो वाजवतो. तो एक अल्बम करत होता – पियानो, आफ्रिकी ढोल, सनईच्या चाली आणि त्यांच्यात देवमाशांचे आवाज. कोकण किनाऱ्याबाहेर पाण्यात माइक सोडून त्याच्या एका मैत्रिणीने ते टिपले होते. अल्बमसोबतच्या पुस्तिकेचा मजकूर मी लिहायचा होता, म्हणून वही घेऊन हजर होतो.

एका तुकड्यासाठी समीरला क्लॅरिनेट हवं होतं, तेही लग्नाच्या बँडमधलं. म्हणून कामशेतचे दत्तूभाऊ. नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी बँड – लग्नं, भीमजयंतीच्या मिरवणुका. त्यांना मीच गाडीतून आणलं. क्लॅरिनेटची पेटी मांडीवर धरून, खंडाळ्याकडे जाणारे ट्रक बघत ते म्हणाले,

"साहेब, एक सांगतो, समीरला बोलू नका. उजवा कान पार गेलाय. डावा थोडा हाय. प्रेसवर गेला."

"मग आज?"

"आज निभंल. न्हाई निभलं तर सोमवारी माझ्या जागी मुंबईचा वाजवनारा येनार हाय म्हनं. ही पेटी परत उघडायची न्हाई मंग."

मी समीरला सांगितलं नाही. बरोबर केलं की नाही, अजून ठरलेलं नाही.

स्टुडिओत समीरने त्यांना समजावलं. हेडफोनमध्ये देवमासा हाका मारील. तो बोलेल तेव्हा थांबायचं, तो थांबला की वाजवायचं. आवाज आधी ऐकवणार नव्हता. पहिल्यांदा ऐकतानाच वाजवावं, हा त्याचा हट्ट.

"मासा बँडात कंदीपासून हाय?" भाऊंनी विचारलं.

"तुमच्या आधीपासून, काका."

"मंग त्योच मालक."

ते काचेपलीकडच्या खोलीत गेले, दार बंद झालं. अलीकडे आम्ही तिघं – समीर, मी आणि रेकॉर्डिंग करणारी नेहा. आमच्याकडे स्पीकरवर देवमासा हलक्या आवाजात लावला होता. एकूण सात हाका, सव्वाचार मिनिटं.

भाऊ डोळे मिटून वाजवत होते. पहिली हाक आली, ते थांबले. संपली, त्यांनी खालच्या सुरात उत्तर दिलं. दुसरी, तिसरी... तिसऱ्या मिनिटाच्या सुमारास मात्र ते उगीचच थांबले. स्पीकरवर फक्त पाण्याची खरखर. माझ्या घड्याळात अकरा सेकंद. मग पुन्हा वाजवू लागले. उरलेल्या सगळ्या हाकांना बरोबर थांबले.

टेक संपला. नेहाने फाइल सेव्ह केली आणि पडद्यावरच्या एका बटणावर बोट ठेवलं.

"समीर... हेडफोनचा ट्रॅक म्यूट आहे. मीच विसरले. त्यांना काहीच गेलेलं नाही."

समीर आत गेला. मीही गेलो.

"काका, हेडफोनमध्ये काय ऐकू आलं?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली – मी सांगितलं नव्हतं.

"काय न्हाई," ते म्हणाले. "मला वाटलं, डावा पन गेला. बोललो असतो तर तू घरी पाठवला असतास."

समीरने क्लॅरिनेट त्यांच्या हातातून घेतलं, पुसलं, पेटीत ठेवलं. "सोमवारी कुणी येणार नाही, काका," एवढंच म्हणाला.

मी माझं काम केलं. दार लावून आतल्या खोलीत उभा राहिलो आणि तोच ट्रॅक बाहेरच्या स्पीकरवर तेवढ्याच आवाजात लावायला सांगितला. मला काही ऐकू आलं नाही, आणि माझे कान शाबूत आहेत. मग एक उत्तर सुचलं. बँडमध्ये ताशांच्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येतं? पुढच्याने श्वास घेतलेला बघून मागचा थांबतो. भाऊ डोळे किलकिले करून काचेतून आमचे चेहरे वाचत असणार. सात थांब्यांचं कोडं सुटलं. आठवा म्हणजे चूक. मला बरं वाटलं.

नेहा ते अकरा सेकंद कापायला निघाली होती. समीरने थांबवलं आणि आठवड्याभराने देवमासे टिपणाऱ्या मैत्रिणीकडून मूळ फाइल मागवली. तिने कळवलं – मूळ ध्वनिमुद्रणात हाका आठ आहेत. एका हाकेवर मासेमारीच्या बोटीचं इंजिन आलं होतं, म्हणून ती काढून तिथे तेवढ्याच लांबीचा पाण्याचा आवाज भरला होता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. कशाला सांगेल?

आम्ही दोन्ही फाइली शेजारी लावून पाहिल्या. भाऊ थांबले, तिथेच आठवी हाक सुरू होते आणि ते पुन्हा वाजवू लागतात त्याआधी संपते. आमच्यापैकी कुणाला ती माहीत नव्हती, त्यामुळे आमच्या चेहऱ्यांवर ती दिसणं शक्य नाही. योगायोग म्हणावा तर म्हणता येईल. मी म्हणून पाहिलं.

समीरने ती हाक बोटीच्या आवाजासकट परत घातली. भाऊंचा टेक आहे तसा ठेवला. पुस्तिकेत मी ध्वनिमुद्रणाची जागा आणि वादकांची नावं लिहिली. या प्रसंगासाठी वाक्य सापडलं नाही. जे सुचलं ते छापण्यालायक नव्हतं.

कामशेतला जाऊन भाऊंना विचारलं, डाव्या कानाशी तोंड नेऊन, सावकाश – तिथे का थांबलात?

त्यांनी क्लॅरिनेटची पेटी जवळ ओढली.

"मला काय इचारता साहेब? मी तर त्या दिशी भैरा म्हनून पकडला जाऊ नये, एवढंच बघत होतो."