चौथ्या पेटीतली पाने

काल शेजाऱ्यांनी हापूसची पेटी आणून दिली. झाकण उघडताच पेंढ्याचा वास आला आणि चाळीस वर्षांपूर्वीची याच पडवीतली एक दुपार आठवली.

माझी आत्या कादंबरीकार होती. त्या दुपारी ती आंबे निवडत होती आणि मी मुंबईला पाठवायच्या पेट्या भरत होते. पेंढ्यावर अंथरायची रद्दी संपली, म्हणून मी कोनाड्यातला कागदांचा गठ्ठा घेतला. तीन पेट्या टेम्पोत चढल्या. चौथी भरताना मला कागदावर आत्याचे अक्षर दिसले. ती तिची नवी कादंबरी होती आणि तिची दुसरी प्रत नव्हती.

टेम्पो अजून फाटकातच होता. मी उठले. "आत्या, त्या पेट्या उतरवून घेते!"

"बस गो खाली. मास्तरीण झालीस, आणि न वाचता कागद वापरतेस?" ती हसली. मग उरलेली पाने तिने स्वतःच चौथ्या पेटीत अंथरली. "हात चालव, टेम्पो खोळंबलाय."

ती कादंबरी तिने पुन्हा लिहिली नाही.

कृतीमागचे कारण शोधावे, असे मी वर्गात आयुष्यभर शिकवले. येथे मला दोन कारणे दिसतात. एक तर ती मला अपराधातून सोडवत होती, किंवा तिलाच त्या कादंबरीतून सुटायचे होते. ती होती तोवर विचारायचे धाडस झाले नाही, आणि आजही माझा निर्णय होत नाही.

काल पेटी रिकामी झाल्यावर तळाचा कागद काढला. जुने वर्तमानपत्र होते. तरीही मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचले.