पडद्यावर आईचं नाव नव्हतं

"आई, व्हॉट इज मांग?"

माझ्या मुलीने कुजबुजून विचारलं. पण हॉल गप्प होता. पुढच्या रांगेतल्या दोन माना मागे वळल्या.

रविवारची दुपार. सिंगापुरातल्या मराठी लोकांचा संगीताचा कार्यक्रम. स्टेजवर काळा पियानो, मागे पांढरा पडदा. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटली होती. मराठवाड्यातल्या एका निरक्षर मांग बाईचं गाणं. त्याखाली, पियानोसाठी रचना, आणि पियानोवर बसलेल्या मॅडमचं पूर्ण नाव. मोठ्या टायपात.

ती निरक्षर मांग बाई म्हणजे माझी आई.

मुलगी बारा वर्षांची. तिला हा शब्द माहीत नव्हता, कारण मी तो घरात येऊ दिला नव्हता. इथे आल्यावर नवऱ्याने आडनावाच्या जागी वडिलांचं नाव लावलं. मीही तेच केलं. मराठी माणूस भेटला की नुसतं पहिलं नाव सांगायचं. गाव विचारलं की जिल्हा सांगायचा. बारा वर्षं मी दाराला कडी लावून बसले होते. मॅडमने तो शब्द पुरुषभर उंच करून माझ्या लेकीसमोर उभा केला.

"घरी सांगते," मी म्हणाले.

मॅडम वाजवू लागल्या.

मी नर्स आहे. नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात, म्हाताऱ्या पेशंटच्या वॉर्डात. तिथेच मॅडम भेटल्या. त्यांच्या सासूबाई आमच्याकडे भरती होत्या. डोक्यातलं सगळं पुसलं गेलेलं, लेकसुद्धा ओळखू येत नव्हता. अंग पुसायला गेलं की ओरडायच्या, चावायच्या. एका सकाळी मी त्यांना पुसताना आईची एक ओवी म्हटली. म्हातारी गप्प झाली. मग माझ्याबरोबर ओठ हलवू लागली.

मॅडम दारात उभ्या होत्या.

"सिस्टर, तुम्ही काय सुंदर म्हणता हो! कुठून शिकलात?"

"आईकडून."

मॅडम पियानो शिकवतात. नवरा बँकेत मोठा. वीसेक वर्षं इथे. त्यांनी मला कॉन्डोतल्या त्यांच्या फ्लॅटवर बोलावलं. चहा दिला, खारे काजू दिले. मग त्या एका संगीतकाराबद्दल बोलत राहिल्या. हंगेरीचा. शंभरेक वर्षांपूर्वीचा. खेड्यापाड्यांत फिरून शेतकरी बायकांची गाणी गोळा करणारा. मॅडम त्याचं नाव घेताना डोळे मिटायच्या. त्याच्यावर त्यांचा कार्यक्रम होणार होता. हंगेरीच्या खेड्यापासून महाराष्ट्राच्या खेड्यापर्यंत, असं काहीतरी. महाराष्ट्रातलं खेडं त्यांच्याकडे नव्हतं. ते माझ्याकडे होतं.

माझ्या फोनमध्ये आईची गाणी होती. आई व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायची. जेवण झालं का विचारायची आणि मधेच गायची. मॅडमने ऐकली. पुन्हा ऐकली. "ऑथेंटिक!" म्हणाल्या.

"घरी अजून कोणी गातं का तुमच्या?"

"वडील हलगी वाजवायचे. लग्नात, मिरवणुकीत."

मॅडमच्या हातातला कप जरासा थांबला.

"हलगी. म्हणजे तुम्ही लोक..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही केलं नाही. त्या हसल्या. "अगं, मग तुझ्या रक्तातच आहे की!"

अगं. तुझ्या. एका घोटाआधी मी अहो होते.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यात माझा हात कोणी धरणार नाही. सगळा जन्म तो सराव.

रेकॉर्डिंग त्यांच्या कॉम्प्युटरवर चढलं. आईचा सूर एका जागी पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतो. तिथेच पडतो. दर वेळी. मॅडम म्हणाल्या, "इथे आईचा सूर घसरलाय. मी सरळ केलाय." मी म्हणाले, घसरला नाही, ती जागाच तशी आहे. आणि कुठल्या दोन पट्ट्या ते दाखवायला हात पुढे केला.

"नको नको, हात नको लावूस."

मी हात मागे घेतला. दिवसातून चाळीस वेळा हे हात धुते मी. तिच्या सासूचं अंग याच हातांनी पुसलं होतं. तेव्हा तिने नको म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी उठून यायला हवं होतं. आले नाही. कारण मला हाव सुटली होती. माझ्या आईचं गाणं स्टेजवर वाजणार होतं. आईला फोनवर सांगून बसले होते. आई म्हणाली होती, "माझं नाव लिवतील का गं त्या?"

"लिहितील की."

हे मी हवेत बोलले नव्हते. त्या हंगेरियन माणसावरचं एक पुस्तक मी क्वीन्सटाउनच्या लायब्ररीतून आणलं होतं. ड्युटीला जाताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, वाचायचे. संगीतातलं निम्मं कळलं नाही, माणूस कळला. बाप लहानपणीच वारला. आईने शिकवण्या घेऊन वाढवला. मोठा झाल्यावर तो आवाज टिपणारं यंत्र घेऊन गावोगाव हिंडला. शहरातल्या बड्यांना ज्यांच्या गाण्याची किंमत नव्हती, त्यांच्या दारात जाऊन बसला. म्हाताऱ्या बायका लाजायच्या. तो थांबायचा. गाणं उतरवलं की बाजूला लिहायचा. म्हणणारीचं नाव काय, वय काय, गाव कोणतं. आणि सूर पट्टीत बसला नाही, तर सूर चुकला असं म्हणायचा नाही. वर बारीक बाण काढायचा. इथे थोडा वर. इथे थोडा खाली.

तो काही देव नव्हता. बाहेरून आलेला साहेबच होता तोही. पण बाईचं नाव विचारत होता.

पुढे त्याच्या मुलखात रक्त तपासणाऱ्यांचे दिवस आले. त्याच्याकडेही कागद आला. तुझा वंश कोणता, लिही. त्याने लिहिलं नाही. नंतर देश सोडून अमेरिकेला गेला. तिथे त्याला रक्ताचा आजार झाला. हॉस्पिटलातच गेला. असे पेशंट मी सांभाळले आहेत. शेवटी माणूस किती हलका होतो, मला ठाऊक आहे. ते पान मी दोनदा वाचलं.

मग मी एक कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं. सोजरबाई किसन लोखंडे. वय चौसष्ट. गाव रांजणी. जिल्हा बीड. मॅडमच्या हातात दिला. बाणांचंही सांगितलं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"पुस्तकात वाचलं."

"तू? त्याच्यावरचं पुस्तक?" त्या हसल्या. कागद पियानोवर ठेवला. वर पेन्सिलींचा डबा ठेवला.

तर तो रविवार. मॅडमनी गाणं वाजवलं. सरळ केलेलं. आईची ती जागा गायब. माझी आई इस्त्री करून घडी घातल्यासारखी ऐकू आली.

मग त्या माईकवर आल्या. अर्थ सांगू लागल्या.

काठाला घागर माझी उनात तापली,
किती बघू वाट, माझी सावली संपली.

"किती तरल आहे पाहा," मॅडम म्हणाल्या. "प्रियकराची वाट बघणारी स्त्री. भर दुपार, विहीर, आणि तो येत नाही."

लोकांनी हं हं केलं. मागून कोणीतरी वा म्हणालं.

 पण ओवी तिथे संपत नाही. मॅडमच्या रेकॉर्डिंगमध्ये पुढच्या दोन ओळी होत्या. त्यांनी ऐकल्या होत्या. कापल्या होत्या.

"काही प्रश्न?" मॅडमने विचारलं.

मी उठले. मुलीने माझी ओढणी ओढली, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, सिट डाऊन लाह. एव्हरीवन इज लुकिंग."

बघू दे.

"त्या बाईचं नाव सोजरबाई किसन लोखंडे," मी म्हणाले. "ती माझी आई आहे. तिला लिहिता-वाचता येतं. प्रौढांच्या वर्गात शिकली. नाव, वय, गाव मी तुम्हाला लिहून दिलं होतं. तुम्ही फक्त जात लिहिलीत."

हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या. मॅडमचा चेहरा लाल झाला, पण आवाज गोड राहिला. "आपण हे नंतर बोलू या ना. संगीताला कुठे जात असते?"

"मग पडद्यावर का आहे?"

कमिटीतले एक गृहस्थ लगबगीने आले. "ताई, आपण सगळे इथे परदेशात आहोत. इथे कशाला जात आणता?"

"मी नाही आणली. मी आले तेव्हा ती पडद्यावर आधीच होती."

"बसा प्लीज. मुलं आहेत हॉलमध्ये."

"माझंही आहे," मी म्हणाले. "तिनेच पहिल्यांदा वाचलं."

मग मी पुढच्या दोन ओळी म्हटल्या. नुसत्या बोलले. गायले नाही. गायले असते तर टाळ्या पडल्या असत्या आणि विषय तिथेच मिटला असता.

पानी वाढनारी गेली जेवायाला घरी,
तान्ह्याची कोरड माझ्या बसे जिभेवरी.

"प्रियकर नाही," मी म्हणाले. "माझी आई पाण्यासाठी थांबली होती. विहिरीला शिवायचं नव्हतं तिने. वरच्या आळीतली कोणी बाई येऊन वरून घागरीत पाणी ओतायची, तोवर उन्हात उभं राहायचं. ती बाई जेवायला गेली. ते तान्हं म्हणजे माझा थोरला भाऊ. हे प्रेमाचं गाणं नाही. आणि आणखी एक. ज्याचा फोटो तुम्ही तासभर दाखवलात, त्या माणसाने वंश विचारणारा कागद भरला नव्हता. त्याच्या नावाने तुम्ही माझ्या आईचा भरलात."

कोणी टाळी वाजवली नाही. एक बाई उठून बाहेर गेली. गृहस्थांनी माईकवर जाहीर केलं, चहा तयार आहे.

आम्ही चहा घेतला नाही.

एमआरटीत मुलगी खिडकीकडे बघत बसली. तीन स्टेशनं गेली. मग म्हणाली, "सो वी आर दॅट?"

"हो."

"यू नेव्हर टोल्ड मी."

"घाबरले होते."

"ऑफ व्हॉट?"

ऑफ व्हॉट. आमच्या घरी कधी कोणी मला लाज शिकवली नव्हती. वडील हलगी गळ्यात अडकवून ताठ चालायचे. लाज मी शाळेत शिकले, हॉस्टेलमध्ये पक्की केली, विमानात बरोबर आणली. आणि इथे आणून त्या लाजेला स्वतःच्या हाताने खाऊ घालत राहिले. मॅडमने मला एकदा गप्प केलं होतं. मी स्वतःला बारा वर्षं गप्प केलं होतं. हे कळलं तेव्हा मला मॅडमचा आला त्याहून जास्त माझा राग आला.

घरी येऊन मी मुलीला सगळं सांगितलं. आडनाव, आळी, विहीर, हलगी. गोड करून नाही. ती रडली नाही. वहीच्या मागच्या पानावर तिने आडनावाचं स्पेलिंग लिहून घेतलं.

मग आईला फोन लावला. तिने पहिलं तेच विचारलं.

"लिवलं का गं नाव?"

नेहमीसारखी थाप मारता आली असती. आई कुठे बघायला येणार होती?

"नाही आई. जात लिहिली."

 मागे कुठेतरी भांडं घासल्याचा आवाज.

"पानी वाढनारीचंच घर दिसतंय," आई म्हणाली. "तिला सांग, आता एक ओळ मिळायची नाही."

बुधवारी मॅडमचा मेसेज आला. लांबलचक. माझ्यामुळे कार्यक्रमाला गालबोट लागलं. त्यांच्या मनात तसं काही नव्हतं. त्यांच्या कामवाल्यासुद्धा त्यांच्या घरात सगळीकडे वावरतात. तरीही त्या मोठ्या मनाने एक सुचवत होत्या. मी इथल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिलगिरी व्यक्त करावी, आईची बाकीची गाणी द्यावी, तर पुढच्या कार्यक्रमात शेवटी आभाराच्या यादीत आईचं नाव घालतील.

शेवटी. आभाराच्या यादीत. माझ्या आईच्याच गाण्यासाठी.

मी उत्तर लिहिलं. "गाणं काढून टाका. आईची परवानगी नाही. माझी नाही. बाकीची गाणी मिळणार नाहीत. दिलगिरी मिळणार नाही."

त्यांनी ब्लॉक केलं. पुढच्या आठवड्यात आमच्या मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. पेशंटच्या घरच्यांची तक्रार आली होती. नर्स वॉर्डात गाते, नातेवाइकांशी नको इतकी जवळीक करते. मॅनेजर चिनी बाई, माझ्याहून तरुण. तिने सरळ विचारलं, "व्हॉट हॅपन्ड?" मी पहिल्यापासून सांगितलं. तिला जात समजावायला वेळ लागला. ऐकून ती म्हणाली, "यू वॉन्ट टू राइट युअर साइड?" मी लिहिलं. तीन पानं. खाली सही केली, आडनावासकट. हॉस्पिटलच्या कागदावर ते पहिल्यांदा उमटलं. चौकशी अजून चालू आहे. काय व्हायचं ते होईल. नवरा म्हणतो, पीआर आहोत, नागरिक नाही, जरा जपून. मी खूप जपलं. आता नाही.

मॅडमचा तोच कार्यक्रम पुढच्या महिन्यात पुन्हा आहे. या वेळी मोठ्या हॉलमध्ये. जाहिरातीत त्या हंगेरियन माणसाचा फोटो आहे, आणि यादीत माझ्या आईचं गाणं आहे. मी आयोजकांना दोनदा लेखी कळवलं. उत्तर नाही.

मी दोन तिकिटं काढली आहेत. पहिली रांग, मधल्या खुर्च्या. मुलगी म्हणाली, मी येणार. ते गाणं सुरू झालं की मी उभी राहणार. या वेळी कोणी प्रश्न विचारा म्हणेपर्यंत थांबणार नाही.