गुलाबी पाणी

प्रेमला खोब्रागडे म्हणजे पाण्याच्या लॅबमधली बाई. भिलाईच्या नळांना येणारं पाणी तपासायचं तिचं काम, आणि त्याचा तिला भलता तोरा. घरी तुरटीचा खडा फिरवल्याशिवाय माठातला थेंब कुणाला पिऊ द्यायची नाही. नवरा दयाराम चिडवायचा, "आमाले तहान लागली हाय बाई, तपासणी मागून कर!"

दयारामचा आवाज म्हणजे काय सांगू बाप्पा! जयंतीच्या मिरवणुकीत त्याला माईक लागत नसे. त्याच माणसाच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि दवाखान्यातल्या मशीनवर रक्त धुऊन घेणं नशिबी आलं. तेही दोघांनी पचवलं. पण सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात तो बोलताना अडखळायला लागला. मशीनवरून आला की जास्तच. "प्रे... प्रे..." करत राहायचा, हाताला झटके यायचे, आणि सकाळपर्यंत जरा सावरायचा.

लॅबचे साहेब मारोतराव. त्यांना तिने रडत हे सांगितलं, तर त्यांचाच चेहरा उतरला.

"पाण्यातलं अॅल्युमिनियम पोटात गेलं तं बहुतेक बाहेर पडते," ते म्हणाले. "पण मशीनवर पाणी सरळ रक्ताले भिडते. थोडंसं असलं तरी मेंदूत जाऊन बसते. आधी वाचा जाते."

मग काय जातं, ते त्यांनी सांगितलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही.

तिने मशीनच्या टाकीचं पाणी बाटलीत आणलं. शेजारच्या नळीत लॅबचं शुद्ध पाणी घेतलं आणि दोन्हींत अॅल्युमिनियम दाखवणारं रंगाचं औषध टाकलं. पिवळं राहिलं तर सुटलो, गुलाबी झालं तर मेलो. दोन्ही नळ्या गुलाबी झाल्या!

तिला हर्षच झाला. "साहेब, शुद्ध पाणीबी गुलाबी! तपासणीच चुकली. टाकीत काही नाही!"

"सकाळी तुरटी हातात घेतली होती?"

"रोजच घेतो की."

"मंग ते तुया हातची तुरटी हाय. तुरटीतबी अॅल्युमिनियमच असते. या कामात तेवढीबी पुरते. हात धू, बाटल्या अॅसिडमध्ये ठेव, दुसरं पाणी आण. नळाचंबी आण."

दुसऱ्या दिवशी घरचा माठ तसाच राहिला. तिने तुरटीकडे पाहिलंसुद्धा नाही. लॅबमध्ये तीन नळ्या मांडून तिने औषध टाकलं. शुद्ध पाणी पिवळंच राहिलं. दवाखान्याच्या नळाच्या पाण्याला नावापुरती छटा आली. टाकीचं पाणी मात्र गडद गुलाबी झालं. म्हणजे नळातून नाही, टाकीतच कोणीतरी काही टाकत होतं. आणि आज दयारामची पाळी होती!

ती जीव मुठीत धरून दवाखान्यात पोचली. वॉर्डातला फकिरा मशीन लावायच्या तयारीत होता.

"थांब! टाकी रिकामी कर! आज कोणालेच मशीनवर घेऊ नको, मी डॉक्टरांशी बोलतो!" ती ओरडली. "तुरटी कोन टाकते हिच्यात? तुले कोनं सांगितलं रे मेल्या?"

फकिरा भांबावला. "म्या नाही ताई. भाऊच फिरवते. पानी गढूळ दिसलं का खिशातून खडा काढते. म्हनते, माही बायको पान्याच्या लॅबमंदी हाय, तिनंच शिकवलं. मले वाटलं, तुमाले ठाऊक हाय."

ती खाटेजवळ गेली. दयाराम तिला पाहून खुलला. त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला, हाताला झटका बसला, खडा निसटता निसटता सावरला आणि त्याने तो मोठ्या ऐटीत तिच्यापुढे धरला. झिजून गुळगुळीत झालेला, घरच्याच तुरटीचा तुकडा.

"प्रे... पाहा... तु... तुयी..." पुढचं त्याला येईना. तो हसत राहिला.

तिने खडा त्याच्या हातून काढून घेतला.

"पाणी बदललं का बोलाल तुमी," ती म्हणाली. तिचं तिलाच ते खरं वाटेना.