कासवाची पिल्लं

पाच वर्षांच्या मुक्ताला दाखवण्याआधी समुद्री कासवांचा माहितीपट मी एकटीने पाहून घेतला. पक्षी पिल्लांवर झडप घालतात, तेवढा भाग पुढे पळवायचा असं ठरवलं. पण रविवारी तो प्रसंग आला, तेव्हा रिमोटच सापडेना. पक्ष्याने पिल्लू उचललं आणि मीच डोळे मिटले.

"मेलं का ते?" मुक्ताने विचारलं.

"हो गं."

ती सोफ्यावर उभी राहून बाकीच्या पिल्लांना सांगू लागली, "पळा, पाणी जवळ आलंय." पहिलं पिल्लू लाटेत शिरलं तशी ती हसत माझ्या गळ्यात पडली. तिला काय झेपेल हे ठरवताना मी तिची भीती तेवढी हिशेबात धरली होती, हा आनंद धरलाच नव्हता.

"परत लाव," ती म्हणाली. "पक्षी आला की तू डोळे मिट. कधी उघडायचे ते मी सांगते."